एका मिनिटाची पिशवी

तोंडाला फडकं बांधायचं आणि फडक्याआड ब्र काढायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. आणि तो पाळायचा कोणी, तर मी! आता बोला.

माझी भाची रानातल्या खारींच्या स्वभावावर प्रबंध लिहितेय. पिंजऱ्यात सापडलेली खार मी शिवलेल्या पिशवीत घ्यायची, पिशवी मी एक मिनिट धरायची आणि भाचीने चार हात लांब बसून आतले हिसके मोजायचे. तीच खार दरवर्षी तेवढेच हिसके देते का आणि पिल्लं आईसारखी निघतात का, एवढंच बघायचं. मोजून झालं की खार परत रानात; कानातल्या नंबराच्या बिल्ल्यावरून कोण कोणाचं पिल्लू ते कळायचं.

त्यात एक होती कजाग. नाव मीच ठेवलेलं. मिनिटाला पन्नास हिसके, वर माझ्या बोटाला चावा. पण तिची पिल्लं पिशवीत आली की अगदी गरीब गाय. चार वर्षांच्या आकड्यांत हे एकच कुटुंब बसेना. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले, तेव्हा भाचीचे सर म्हणाले, हे कुटुंब गाळून टाक. खोटं कसं लिहू, म्हणत भाची दोन दिवस धड जेवली नाही.

मलाही घास गेला नाही, कारण खरी गोम मला ठाऊक होती.

मी पिशवीशी बोलायचे. सगळ्यांशी नाही हं, फक्त कजागच्या पिल्लांशी. पिशवी छातीशी धरून फडक्याआडून पुटपुटायचे, "झालं गं बाई, झालंच." लहानपणी मी जरा आवाज चढवला की अख्खं घर म्हणायचं, आईवर गेलीय. भांडं आपटलं, आईवर गेलीय. खरं बोलले तरी आईवर गेलीय. तो शिक्का त्या पिल्लांच्या कपाळी नको, एवढंच माझ्या मनात होतं. पोरीच्या आकड्यांची मी वाट लावतेय, हे डोक्यात शिरलंच नाही.

शेवटी सांगून टाकलं. भाचीने पेन्सिल भिंतीवर फेकली, चार वर्षं मातीत घातलीस म्हणाली आणि खोलीभर तणतणली. हुबेहूब मी! इतकं वाईट वाटत असूनही मला तिचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंजरे लावले. दोन आठवड्यांत कजागची सात पिल्लं सापडली. मी ओठ घट्ट मिटून पिशवी धरली. चाळीस हिसके, चव्वेचाळीस, अडतीस. सगळी आईवरच गेली होती. मला रडूच कोसळलं. म्हटलं, स्वभावाला औषध नाही हेच खरं.

भाची म्हणाली, आता बोल. जरा वेळाने तीच पिल्लं पुन्हा घेतली आणि मी बोलले. नऊ, अकरा, सात.

तिने वहीत दोन रकाने आखले, 'मावशी गप्प' आणि 'मावशी बोलली'. आईकडून काय आलं ते पहिल्यावरून काढीन, म्हणाली, आणि दुसऱ्यावर वेगळं प्रकरण लिहीन. कुटुंब गाळायची गरजच उरली नाही.

पण माझं डोकं सटकलं. माझी चूक छापून चारचौघांत दाखवणार? मी ताडकन उठले, आवाज चढला. भाचीने पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले आणि हळूच म्हणाली, "झालं गं बाई, झालंच."

आणि मी, आईवर गेलेली, गपकन खाली बसले.