भोपळ्याचा ताप

मित्रांनो, मी काशाची एक जुनी वाटी. काठाला चीर, बुडाला ओरखडे, एका बाजूला पोचा. या तिन्हींची मला लाज वाटत नाही. भांड्याच्या जातीला ते व्हायचंच. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती मनात ठेवून इतकी वर्षं ताक वाढलं. आता सांगून टाकते.

माझा जन्म भगवंत कासाराच्या मुशीत झाला. तांबं आणि कथील एकत्र वितळवून त्याने मला घडवलं, आणि मी थंड झाल्यावर नखाने टिचकी मारली. मी वाजले. तो नाद इतका लांबला की मधल्या वेळात कासाराने तंबाखू मळून घेतली. "हिचा गया चांगला हाय," तो म्हणाला. गया म्हणजे गळा. आमच्या वऱ्हाडात ळ चा य होतो. मला वाटलं, आपण आता गाणार. प्रत्यक्षात तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या गोदाबाईने मला ताक प्यायला विकत घेतलं.

त्या घरात माझ्याआधी एक वाटी होती, आणि ती साधी नव्हती. गोदाबाईच्या सासरच्या घराण्यात गुण होता. सात पिढ्यांपूर्वी कुण्या गोसाव्याने म्हणे ती वाटी दिली आणि सांगितलं, घरातल्या थोरल्या मुलाच्या उजव्या हाताने, या वाटीने, तापकऱ्याचे तळपाय घासा, ताप उतरेल. अट एकच. बदल्यात काही घ्यायचं नाही. पैसा नाही, धान्य नाही, पानाचा विडासुद्धा नाही. घेतलं की गुण गेला.

एके दिवशी गोदाबाई ती वाटी विहिरीवर घासत होती. हात निसटला. डुबुक. गोदाबाईने पाण्याकडे पाहिलं, मग चारी दिशांना पाहिलं, मग सरळ घरी येऊन मला भिंतीतल्या देवळीत त्या वाटीच्या जागी ठेवलं आणि वर हळदकुंकू वाहिलं. विहीर काही बोलली नाही. मीही नाही.

दुसऱ्याच दिवशी रोगी आला. गोदाबाईच्या थोरल्या मुलाने, सूर्यभानने, रोग्याच्या तळपायाला गाईचं तूप चोळलं आणि माझं बूड त्यावर गोल गोल फिरवलं. थोड्या वेळाने तूप काळं पडलं. "निघाला, निघाला ताप!" लोक म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो माणूस बैल घेऊन शेतात गेला. सात पिढ्यांची विद्या मी एका रात्रीत शिकले होते.

मित्रांनो, ते काळं कुठून येत होतं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते माझं होतं. काशावर तूप घासलं की कासं झिजतं आणि काळं उतरतं. त्याला तूप लागतं, ताप लागत नाही. पण लोक हात जोडत होते, आणि हात जोडलेले कुणाला वाईट वाटतात?

गोदाबाई म्हातारपणी आजारी पडली. शेवटच्या दिवशी तिला काहीतरी सांगायचं होतं. बोलवेना, म्हणून ती बोटाने विहीर दाखवत राहिली. सगळ्यांनी तिला पाणी पाजलं. ती गेली, आणि खरं जाणणारी मी एकटीच उरले.

सूर्यभान माणूस सरळ होता. भरल्या ताटावरून उठून रोग्याकडे जायचा. दहा तापांतले आठ आपल्या पायांनी येतात आणि आपल्याच पायांनी जातात, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते आठ माझ्या नावावर जमा झाले. उरलेल्या दोघांनी पथ्य मोडून वांगं खाल्लं होतं, असं ठरायचं. वांगं कुणी खाल्लेलं नसलं तरी आदल्या वर्षी खाल्लेलं निघायचं.

मग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस बंद पडला, आणि आमच्या काळ्या जमिनीतलं बोंड एकदम सोन्याचं झालं. लोकांना काय करावं सुचेना. कुणी बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. शेतातला कापूस विकून संपला तशा लोकांनी गाद्या उसवल्या, उशा उसवल्या आणि आतला जुना कापूस पिंजून विकला. सबंध गाव जमिनीवर झोपू लागलं आणि श्रीमंत झालं.

या सगळ्या गाद्या पिंजायच्या कुर्बान पिंजाऱ्याने आणि त्याच्या बायकोने, जैनबबीने. त्यांचं घर सूर्यभानच्या घराला लागून. जैनबबी ताक मागायला यायची आणि पहिल्यांदा मला टिचकी मारायची. मी वाजायचे. नाद विरेपर्यंत ती डोळे मिटून उभी राहायची. दिवसभर कापूस पिंजायच्या धुनकीची तात कानाशी ठणठण करणार, त्यात हे एवढंच तिचं गाणं. सूर्यभानची बायको पार्बताबाई म्हणायची, "ऐकत काय उभी राह्यली वो? भांडं हाय थे, भजनी मंडय नाही." मला मात्र त्या हात जोडणाऱ्यांपेक्षा ही टिचकी आवडायची.

गावात सगळ्यात जास्त कापूस खुशालरावाचा. त्याने मुंबईहून बूट मागवले होते. ते दोन बोटं आखूड निघाले, पण एवढ्या लांबून आलेल्या बुटांना परत कसं पाठवायचं, म्हणून तो ते घालून झोपायचा. आठ दिवसांत पायांची आग आग झाली. सूर्यभानने बूट काढायला लावले आणि मला घासलं. आग थांबली. खुशालरावाने माझ्यापुढे डोकं टेकलं. बूट काढल्यामुळे थांबली असेल, ही शंका बुटांनाही आली नाही.

"काय देऊ? सांग," खुशालराव म्हणाला.

"काहीच नाही. घेतलं का गुन गेला."

"तुले नाही देत गा. वाटीले देतो. वाटी काय मानूस हाय?"

सूर्यभानने डोकं खाजवलं. गोसाव्याने माणसाचं सांगितलं होतं, वाटीचं काहीच सांगितलं नव्हतं. मला आकोटला सोनाराकडे नेलं आणि माझ्या बुडावर चांदीचा जाड पत्रा मढवून आणलं. खरं सांगते, मी फुगले. ताकाची वाटी मी, आणि बुडाला चांदी! देवळीत मला पालथी ठेवू लागले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी.

जैनबबीने नेहमीसारखी टिचकी मारली. ठक्. पुन्हा मारली. ठक्.

"काहून वो बाई," ती पार्बताबाईला म्हणाली, "इचा गया बसला काय?"

मोठ्या माणसांचा आवाज जड होतो, अशी मी माझी समजूत घातली.

दिवाळीनंतर जैनबबीला ताप भरला. पाच दिवस उतरेना. अकोल्याला तेव्हा सरकारी दवाखाना निघाला होता. कुर्बानने गाडीत गवत अंथरलं, बैल जुंपले, बायकोला उचलून आत निजवलं. निघता निघता तो सूर्यभानच्या दारात थांबला.

"भाऊ, आकोल्याले नेतो म्हनलं. एकडाव तुमी पाहून घ्या."

सूर्यभानने मला काढलं. गाडीतच तिच्या तळपायांना तूप चोळून घासायला सुरुवात केली. घासलं, खूप घासलं. तूप पांढरंच्या पांढरं. काळ्याचा ठिपका नाही. कुठून येणार? माझ्या कातडीवर चांदी होती.

सूर्यभान हसला. "कुर्बान, कायं येत नाही रे बाप्पा! हिले तापच नाही."

"पन भाऊ, आंग तं चुलीवानी..."

"वाटी खोटं सांगन का? सात पिढ्यायची हाय."

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. खुशालरावही तिथे होता. त्याच्या चौदा गाद्या पिंजायच्या राहिल्या होत्या. तो म्हणाला, "आंग मोडते म्हंजे कामाचा कंटाया. उठवून बसव तिले." जैनबबी गाडीत उठून बसली, माझ्याकडे पाहिलं आणि लाजली. आपल्याला ताप आहे असं उगीच वाटलं, याची लाज. मित्रांनो, लाजायचं मी आणि लाजली ती.

कुर्बानने बैल सोडले.

ते बैल सोडताना जुवाचा जो आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. वाटीला बोलता येत नाही हे खरं. पण वाजता येत होतं. तेही मी चांदीखाली घालवून बसले होते.

जैनबबीने तीन दिवस खुशालरावाच्या गाद्या पिंजल्या. चौथ्या दिवशी ती कापसाच्या ढिगातच पडली. पांढऱ्या ढिगात पांढरी पडलेली बाई बराच वेळ कुणाला दिसलीच नाही. सापडली तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती, आणि तापाच्या ग्लानीत बडबडत होती.

पार्बताबाईने तिच्या कपाळाला हात लावला आणि तशीच नवऱ्यावर उलटली. "तुमी पायाले इचारता! कपायाले काहून नाही इचारत? भाकर भाजते तिच्या कपायावर!"

सूर्यभान घाबरला. पण घाबरलेला माणूस आधी आपला गुण वाचवतो. "चांदी घेतली म्हनून गुन झाकला," तो म्हणाला, आणि विळ्याने माझ्या बुडावरचा पत्रा उचकटून काढला. काठाची चीर तेव्हाची. मग तो धावत जाऊन जैनबबीचे पाय घासू लागला. तूप काळं पडलं. काळंकुट्ट.

"आला! गुन आला!" तो ओरडला. "पाह्य कुर्बान, कसा भराभर ताप निघून राह्यला!"

कुर्बान पाहत होता. काळं निघत होतं आणि बायकोचं अंग तसंच पेटलेलं होतं.

पार्बताबाई छपरावर चढली आणि वेलावरचा एक लाल भोपळा तोडून आणला. नवऱ्याच्या हातातून मला घेतलं. भोपळ्याला तूप चोळलं आणि घासायला बसली.

"बह्याड झाली का तू?" सूर्यभान म्हणाला.

भोपळा काळा पडला.

"याले बी ताप हाय का?" तिने विचारलं.

सूर्यभानने मला घेतलं आणि दाराच्या चौकटीवर घासलं. चौकटीला ताप. जात्याच्या पाळूला घासलं. पाळूला ताप. शेवटी तो खाली बसला आणि स्वतःच्या तळपायाला घासलं. पाय काळा झाला. ज्या हातात सात पिढ्यांचा गुण होता तो हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता.

मग तो उठला, कुर्बानच्या गोठ्यात गेला आणि स्वतः बैल जुंपले. अकोल्यापर्यंत गाडी त्यानेच हाकली. वाटेत कुर्बान त्याच्याकडे पाठ करून बसला. गाडीत जैनबबीच्या उशाशी मी होते, तिच्या तोंडात पाणी सोडायला. कासाराच्या घरून निघाल्यापासून माझ्या हातून झालेलं हे पहिलं खरं औषध.

दवाखान्यातल्या डॉक्टराने विचारलं, "चार दिवसांपूर्वी का नाही आणली?"

सूर्यभान म्हणाला, "गाडी जुपली होती साहेब. म्या सोडाले लावली."

जैनबबी वाचली. महिनाभर तिथे राहून चालत गाडीत चढली. पण तापाने तिचे दोन्ही कान नेले; धुनकीची ठणठणही तिला ऐकू येईना.

गावात सूर्यभानने देवळी लिंपून टाकली. दारी येणाऱ्याला तो सांगायचा, "माह्या हातात काही नाही. कायं वाटीचं हाय. अकोल्याले जा." लोकांना राग यायचा. चांदी घेतली म्हणून गुण गेला आणि आता दुसऱ्याला तोंड दाखवता येत नाही म्हणून असं बोलतो, असं त्यांनी ठरवलं. गुण गेला तर कुठे गेला, याचाही शोध लागला. जैनबबीचा ताप त्या भोपळ्याने ओढून घेतला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढची दोन वर्षं लोक त्या भोपळ्याच्या बिया मागायला येत राहिले. पार्बताबाईने त्याची भाजी केव्हाच करून टाकली होती.

सूर्यभान एके सकाळी मला घेऊन कुर्बानच्या दारात गेला. "मले ठेववत नाही ही," एवढंच म्हणाला. कुर्बानने मला घेतलं, आणि तिथून मी त्यांच्या घरची ताकाची वाटी झाले.

मित्रांनो, उपदेश करायची माझी पायरी नाही. हात जोडून एवढंच सांगते: आपल्या माणसाचं अंग तापलं तर त्याच्या कपाळाला हात लावा. वाटीला विचारू नका, भोपळ्याला विचारू नका, सात पिढ्यांना तर मुळीच विचारू नका. गाडी जुंपली असेल तर ती सोडू नका. आणि काशाची भांडी जपा, घासूनपुसून ठेवा. पण त्यांना मखरात बसवू नका. आम्ही लगेच फुगतो.

जैनबबी आता म्हातारी झाली. रोज दुपारी ती मला घेते आणि पालथी करून टिचकी मारते. मी जीव खाऊन वाजते. चीर पडल्यापासून आवाज थोडा चिरका येतो, पण येतो. ती माझ्याकडे बघत नाही. कुर्बानच्या तोंडाकडे बघत थांबते. नाद पुरता विरला की तो मान हलवतो.

मग ती मला सुलटी करून माझ्यात ताक ओतते.