ईरप्पाच्या उंबऱ्यावर

आमच्या ह्यांनी, म्हणजे एकनाथ मास्तरांनी, सिंहलद्वीपात एका बौद्ध भिक्षूजवळ राहून ध्यान शिकून घेतलं आणि सोलापुरात परतल्यावर ते गिरणीतल्या संपकऱ्यांना शिकवायला लागले. रोज पहाटे आमच्या ओसरीवर माणसं डोळे मिटून बसत. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आपल्या माणसाचं, मग परक्याचं, शेवटी वैऱ्याचं; ह्यालाच हे 'मैत्री' म्हणत. हे जमलं तर मोर्चात काठी खाऊनही हात उठत नाही, असं ह्यांचं म्हणणं. आई म्हणायची, "जावईबापूंनी डुलक्या काढायला बरा धर्म शोधलाय!" मीही बसे, पण माझं निम्मं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे.

तीस सालच्या मे महिन्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि माझा धाकटा भाऊ चिंतामणी गेला. मागच्या गल्लीतल्या ईरप्पा शिपायानंच गोळी झाडली, असं सगळे म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे हे नेहमीसारखे ओसरीवर बसले. मला त्यांचा भयंकर संताप आला. "आज वैऱ्याचं भलं चिंतणार असाल तर माझ्याशी बोलू नका," मी म्हटलं.

दुपारी घासलेटचा डबा घेऊन जमाव ईरप्पाच्या घराकडे निघाला. पुढे माझी आई, तिच्या मागे मी. ईरप्पा ठाण्यावर होता; घरात त्याची बायको आणि पोरं. आणि उंबऱ्यावर हे, मांडी घालून.

"मास्तर, उटा की! तुमचाच मेव्हणा गेलाय न्हवं?" गिरणीतला हरिबा ओरडला. तो आमच्या ओसरीवर रोज बसणारा. हे हलेनात. तसा तो मला म्हणाला, "बाई, तुमीच उटवा त्येंला."

मी ह्यांचा दंड धरला. तो लटलटत होता. ध्यान करणाऱ्याला भीती वाटत नसेल, असं मी समजत आले होते. दाराआडून ईरप्पाच्या बायकोचा आवाज आला, "अक्का, लेकरं हायती आत."

माझ्या मनात मैत्रीबित्री काही नव्हती. ईरप्पाचं वाटोळं व्हावं, असंच वाटत होतं. पण लेकरं जाळायला मन धजेना. मी ह्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

आता जाळायचं तर चिंतामणीच्या सख्ख्या बहिणीसकट. हरिबानं डबा खाली ठेवला. माणसं एकेक करून पांगली.

आई तेवढी उभी राहिली. ती शिव्या देईल, थोबाडीत मारील, असं वाटलं.

"माझी दोन्ही मुलं गेली," ती म्हणाली आणि निघून गेली.

पुढे ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं मीच केलं. ती माझ्या हातून पाणी घेई, पण मला अनू म्हणून तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही.