कुर्लीने दिलेला डुकाट

"सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही," सुपारी कातरता कातरता आप्पा म्हणाले, "पण हे नाणं मला गुहागरच्या कुर्लीने दिलंन्."

पडवीत बसलेला हर्षद खेकड्याच्या नावाने खदखदून हसला. डेन्मार्कचा सतराव्या शतकातला सोन्याचा डुकाट बघायला तो देवरूखहून मुद्दाम आला होता. त्यावर चिलखत घातलेला राजा ऐटीत उभा. नाणी जमवणाऱ्यांत असा डुकाट जिल्ह्यात कोणाकडे नव्हता.

गेल्या महिन्यापर्यंत आप्पांकडेही नव्हता. तो होता धाकट्या बहिणीच्या, सुनेत्राच्या, पुतळ्यांच्या माळेत. माळ आईची. आई त्या राजाला राम समजून दर लक्ष्मीपूजनाला कुंकवाचं बोट लावायची. पुढे सुनेत्राने तो नेम चालवला. आता लेकीच्या, ऋजुताच्या लग्नासाठी तिने माळ गाठवून आणायला आप्पांकडे दिली. "तुझ्याशिवाय कोणावर टाकू?" म्हणाली. आप्पांनी माळ गाठवून आणली, फक्त रामाच्या जागी सोनाराकडची नवी पुतळी ओवून. तेव्हापासून सुनेत्रा माहेरी आली की त्यांच्या पानात आठवणीने वाढायची ती साय ते तशीच ठेवून उठायचे.

"आणि काठावरचा हा डाग?" हर्षदने विचारलं. तिथली माळेत ओवायची कडी आप्पांनी कापून काढली होती.

"नांगीचा चावा! सुपाएवढी कुर्ली, अंगठ्याला धरलंन् माझ्या. म्हटलं, सोडतेस की रस्सा करू? तर बिळात गेली नि हे घेऊन आली."

तेवढ्यात माहेरी आलेली सुनेत्रा कोकम सरबत घेऊन बाहेर आली. आप्पांचा अडकित्ता थांबला.

हर्षदने डोळ्याला भिंग लावलं. "राजाच्या पायाशी हे लाल काय हो? सोन्याला गंज तर चढत नाही."

"बिळातली माती." आवाज आप्पांचा त्यांनाच ओळखू येईना.

"पुसू?"

"पुसायचं नाही!" आप्पा ओरडलेच. जुनं नाणं धुवायचं नाही, घासायचं नाही. जन्मभराची सवय तोंडातून निसटली.

सुनेत्राने पेले खाली ठेवले आणि हात पुढे केला. हर्षदने नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने ते उजेडात धरलं. मग राजाच्या पायांवरून अंगठा फिरवला, हळू, आई फिरवायची तसा. आप्पा अंगणातल्या पोफळीकडे बघत बसले.

"आप्पा," ती म्हणाली, "गुहागरच्या कुर्ल्या लक्ष्मीपूजन कधीपासून करायला लागल्या रे?"