नकाराचे साक्षीदार

गेली बावीस वर्षं मी लोकांच्या हातात कागद देते. जलमापन कार्यालयात नेमणुका, रजा, बढत्या सगळं माझ्याकडेच आहे, पण लोकांच्या लक्षात राहतात ते नोकरीवरून काढल्याचे कागद. मी टेबलाजवळ गेले की हसणारी माणसं गप्प होतात. जेवायलाही मी एकटीच बसते. त्याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

शरदात साहेबांनी सातीबाल्डी आकेंना काढल्याची नोटीस माझ्याकडे दिली. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही आके म्हणतो, थोरल्या बाईला एजे. नारीन नदीच्या वरच्या घळीत राहून आके एकतीस वर्षं पाण्याची पातळी मोजत होते. आता तिथं यंत्र बसलं होतं, तेव्हा माणूस नको. नोटीस हातात द्यायची, सही घ्यायची आणि त्या दिवसापासून नोटिशीचा महिना मोजायचा, असा नियम. सही नाकारली तर दोन साक्षीदारांसमोर तसं लिहून घ्यायचं. नोटीस देणारी मी, म्हणून माझी साक्ष चालत नाही.

ड्रायव्हर मेलिसला घेऊन मी घळीत पोचले. आकेंनी कागद दोनदा वाचला आणि परत दिला.

"नाही करत सही."

"आके, का उगाच मला त्रास देता?"

"मग लिही ना माझा नकार. साक्षीदार किती लागतात?"

"दोन."

"एक हा मेलिस. दुसरा कोण?" त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "त्या याकला विचार. अंगठा देईल बिचारा."

मेलिस खो खो हसला. "एजे, आकेंनी तुला चांगलंच कात्रीत पकडलं!"

माझं डोकं भणभणलं. चाळीस किलोमीटर खडकाळ रस्ता, आणि हात हलवत परत! म्हातारा जुना कामगार संघटनावाला, नियम तोंडपाठ. दुसरा साक्षीदार मिळत नाही तोवर त्याची नोकरी कुणी हलवू शकत नव्हतं.

तरी चहा झालाच. नान आणि साय पुढं ठेवून आके बोलायला लागले ते थांबेचनात. पूर्वी सकाळ-संध्याकाळ ते वायरलेसवर पातळीचा आकडा सांगायचे. पलीकडची बाई म्हणायची, "ऐकलं, आके. तब्येत कशी आहे?" यंत्र आलं आणि त्या बाईची खुर्चीच गेली. बायको दोन हिवाळ्यांपूर्वी वारली होती.

"मी अजून आकडा सांगतो," ते म्हणाले. "नुसती खरखर येते. पण सांगतो."

निघताना ते गाडीपर्यंत आले. "पुढच्या वेळी दोघांना आण. चौघांचा चहा टाकतो."

पुढच्या आठवड्यात मेलिसबरोबर मी भांडारातल्या जिपारलाही घेतलं. नकाराचा मसुदा ती गाडीतच लिहून बसली होती. आकेंनी दाढी केली होती. जेवणासाठी दस्तरखान पसरलेलं, चहाच्या चार वाट्या मांडलेल्या, आणि त्यांनी आमच्यासाठी मेंढा कापला होता. काढून टाकायला आलेल्यांसाठी मेंढा!

जेवण झालं. जिपारनं मसुदा काढला तसं आकेंनी हात पुढं केला. "तो राहू दे. नोटीस आण इकडं." आणि खाली मान घालून त्यांनी सही केली.

"मग त्या दिवशी का नाही केलीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"केली असती तर आज कोण आलं असतं, पोरी?"

आके वाट्या गोळा करू लागले, मग थांबले.

"या महिन्यात अजून कोणते कागद मला हातात द्यावे लागतात?"

खरं तर एकच होता, शेवटच्या दिवशी द्यायचं सेवापुस्तक. तेही घ्यायला त्यांनीच कार्यालयात यायचं असतं. बावीस वर्षांत मी कधी नियमाबाहेर एक शब्द बोलले नव्हते.

"तीन," मी म्हणाले. "दर आठवड्याला एक."