समुद्रासमोरची खोली

वर्षातल्या दीडशे रात्री वेंडेल नूडसन परक्या पलंगावर झोपायचा. दुधाचे खोके भरणारी यंत्रं कुठे बंद पडली की कंपनी त्याला धाडायची. आज कॅन्ससला, परवा आयडाहोला. गाव बदलायचं, हॉटेल मात्र एकाच साखळीचं, कारण तिथे राहिलं की त्याच्या सभासद खात्यात पॉइंट जमत, ज्यांवर पुढे फुकट राहता येई. बरोबरीची माणसं ते पॉइंट इकडेतिकडे उडवून मोकळी व्हायची. वेंडेलने अठरा वर्षांत एकाही रात्रीपुरते वापरले नाहीत. "एक दिवस सगळ्यांना हवाईला नेणार," असं तो बायकोला, जनेलला, प्रत्येक वेळी बॅग भरताना सांगायचा. जनेलने ते ऐकणं कधीच सोडून दिलं होतं.

आणि या फेब्रुवारीत, विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या घरापुढे कमरेएवढं बर्फ साचलेलं असताना, ती पाच माणसं खरोखरच हवाईतल्या कोना गावच्या किनाऱ्यावर उतरली. तो, जनेल, बारा वर्षांचा कोल्बी, सात वर्षांची टिली आणि जनेलची आई आर्लीन.

पॉइंटवर मिळालेल्या खोल्यांच्या खिडक्या बागेकडे उघडत होत्या आणि बागेपलीकडे लॉन्ड्रीची भिंत होती.

"अठरा वर्षं घराबाहेर झोपलास वेंडेल," आर्लीन पडदा सारून म्हणाली, "तेव्हा कुठे आम्हाला ही चादरी धुणारी भिंत बघायला मिळाली."

"आई, पुरे," जनेल म्हणाली. पण हसली तीही.

ते वेंडेलला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता उरकून तो तडक स्वागतकक्षात गेला. जनेलला आईचा दुखरा गुडघा सांभाळत तिला पूलपर्यंत न्यायचं होतं, म्हणून तिने टिलीला त्याच्याबरोबर दिलं.

काउंटरवरचा मुलगा, केओनी, शांत होता. "मिस्टर नूडसन, तुम्ही आमचे सगळ्यात वरच्या दर्जाचे सभासद. पण फुकट रात्रींना समुद्रासमोरची खोली द्यायचा नियम नाही."

"फुकट? अठरा वर्षं, केओनी. फुकट कसली?"

केओनीने मान हलवली, संगणकात बघितलं आणि आवाराचा छापील नकाशा पुढे ओढून त्यावर पेनाने गोल काढला. "तीन नंबरच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली आत्ताच रिकामी झालीय. दार उघडलं की समोर वाळू. साफसफाई चालू आहे. थांबा, मॅनेजरना विचारतो."

टिली त्याचा शर्ट ओढत होती. "डॅडी, बघ ना. डॅडी, मी काय—"

"बाळा, तू मम्मीकडे जा. मी आलोच." त्याची नजर केओनीच्या फोनवर होती. तिच्या चपलांचा चटचट आवाज फरशीवरून दूर गेला, तो त्याने ऐकला. तेवढंच.

दहा मिनिटं झाली असतील. एकाएकी पायाखालून एखादा अवजड ट्रक जावा तशी जमीन थरथरली. काउंटरवरची काचेची वाटी सरकत सरकत खाली पडून फुटली. छताचे दिवे झुलायला लागले. बराच वेळ झुलत राहिले. मग सगळं थांबलं आणि काही पाहुणे हसले, जसं भीती वाटून गेल्यावर हसतात.

केओनी हसला नाही. तो समुद्राकडे बघत होता.

"तुमची माणसं कुठे आहेत?" त्याने विचारलं. आवाज एकदम वेगळा. "त्यांना घ्या आणि पार्किंगमध्ये या. बसने वर हायवेला जायचंय."

"थांब, पाकिटं, सामान तरी—"

"सामान नाही. आत्ता!"

आणि त्सुनामीच्या इशाऱ्याचा भोंगा सुरू झाला. एकच लांब सूर, दम न घेणारा. टोपीवाला एक म्हातारा बायकोला म्हणाला, "दर महिन्याची चाचणी असते गं ती." शेजारी झाडत असलेल्या माणसाने झाडू टाकला. "चाचणी एक तारखेच्या आसपास असते, साहेब. आज सोळा आहे. पळा."

वेंडेल पूलकडे धावला. समोरून जनेल येत होती, ओलाचिंब कोल्बी एका हाताला, लंगडणारी आर्लीन दुसऱ्या हाताला. दोघांनी एकाच वेळी विचारलं, "टिली कुठाय?"

जनेलने वेंडेलच्या मागे पाहिलं.

"ती तुझ्याकडे होती!"

"मी तिला तुझ्याकडे पाठवलं."

"एकटीला?"

इतक्यात सफाई विभागाची प्रमुख तिथे पोचली. साठीची, धिप्पाड बाई, हातात वॉकीटॉकी. सगळे तिला पुआ आंटी म्हणत.

"कोण राहिलंय?"

"माझी मुलगी."

"वय?"

"सात."

"अंगात काय आहे?"

वेंडेलने तोंड उघडलं. नाश्त्याला ती त्याच्या समोरच बसली होती. तिने पॅनकेकवर नारळाचा गोड पाक ओतून ओतून तळं केलं होतं, हे आठवत होतं. कपडे आठवत नव्हते. "पिवळं... नाही, निळं काहीतरी."

"केस? मोकळे की बांधलेले?"

सभासद क्रमांकाचे दहा आकडे त्याने झोपेतही घडाघडा म्हटले असते. लेकीच्या केसांचं त्याला सांगता येत नव्हतं.

"निळा पोहायचा शर्ट, त्यावर कासव!" जनेल ओरडली. "दोन वेण्या. वरचा पुढचा दात पडलाय."

"दात कधी पडला?"

"मंगळवारी! फोनवर सांगितलं तिने तुला, वेंडेल!"

पुआ आंटीने ते सगळं वॉकीटॉकीत सांगितलं आणि जनेलचा दंड धरला. "तू आईला आणि मुलाला घेऊन बसमध्ये बस."

"मी नाही जाणार."

"थांबलीस तर मला चौघांना शोधावं लागेल. जा, पोरी."

जनेल जाताना वळली. "तिला घेतल्याशिवाय येऊ नकोस," ती म्हणाली. ती धमकी होती की विनवणी, ते तिचं तिलाही ठाऊक नसावं.

वेंडेलने पुआ आंटीबरोबर मुलांची खेळखोली पाहिली. खुर्च्या उलट्या, रंग सांडलेले, माणूस नाही. बायकांच्या स्वच्छतागृहात शिरून त्याने एकेक दार ढकललं. माशांच्या तळ्यात वाकून पाहिलं, आणि वाकताना आपण तळात काय शोधतोय हे जाणवून तो झटकन मागे सरला. प्रत्येक ठिकाणाहून पुआ आंटीच्या वॉकीटॉकीत एकच शब्द येत होता, नाही. नाही. इथे नाही. पहिली बस गेली. दुसरी गेली. भोंगा तसाच.

तो परत स्वागतकक्षात आला, कारण दुसरं काही सुचेना. ती इथूनच गेली होती. काउंटरवर फुटलेली काच होती, पेन होतं.

नकाशा नव्हता.

त्याला केओनीचा पेनाने काढलेला गोल आठवला. दार उघडलं की समोर वाळू. टिली त्याच्या कोपराशी उभी राहून सगळं ऐकत होती. डॅडीला हवी असलेली खोली आपणच आधी बघून येऊ आणि त्याला सांगू, असं तिच्या मनाने घेतलं असणार.

"तीन नंबर!" तो ओरडला आणि उतारावरून सुटला. मागून पुआ आंटी काहीतरी ओरडली, ते त्याला कळलं नाही.

अर्ध्या वाटेत भोंगा पहिल्यांदाच क्षणभर थांबला आणि वेंडेलला जाणवलं की लाटांचा आवाज नाहीये. तीन दिवस सगळ्या आवाजांच्या मागे तो होता. आता नुसती शांतता होती.

इमारतीला वळसा घालून तो पुढे आला आणि जागीच थिजला. समुद्र तिथे नव्हता. जिथे काल कोल्बी पोहत होता तिथे काळे ओले खडक उघडे पडले होते, त्यांवर शेवाळ लोंबत होतं, खळग्यांत मासे तडफडत होते. एक होडी कुशीवर पडली होती. आणि वाळू संपून खडक सुरू होतात तिथे, निळ्या शर्टात, दोन वेण्या, हातात नकाशा.

"डॅडी! बघ, समुद्र गेला!"

त्याने हाक मारली नाही. मोठ्याने बोललं तर समुद्राला चाहूल लागेल, असं काहीतरी वेडं त्याच्या डोक्यात आलं. तो ओल्या वाळूत रुतत गेला, तिला कमरेत धरून उचललं आणि वळला. वळता वळता त्याला दिसलं. लांब, आकाशाच्या खाली, एक पांढरी रेघ. ती हलत होती.

"माझी चप्पल पडली!"

"राहू दे."

"डॅडी, माझी चप्पल!"

"टिली, गप्प बस. गळ्याला घट्ट धर."

तो चढावरून धावत सुटला. छाती फुटेल असं वाटत होतं. मागून मालगाडी यावी तशी घरघर वाढत चालली होती. तेवढ्यात वरच्या वाटेवरून सामान वाहायची बॅटरीची गाडी धडधडत खाली आली. चाकावर पुआ आंटी. "चढ!"

गाडी वळली. उतारावर वाऱ्यासारखी आलेली ती गाडी चढावर मात्र रडत रडत चालली. वेंडेल पुढे तोंड करून बसला होता. टिलीची हनुवटी त्याच्या खांद्यावर, तोंड मागे.

"डॅडी, खुर्च्या येतायत."

पुआ आंटी काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थनाच असावी.

"डॅडी, एक दार वाहतंय."

त्याने मागे पाहिलं नाही. तिचं डोकं दाबून आपल्या मानेत लपवलं.

"डॅडी, पाणी—"

गाडी बंद पडली. पाणी चाकांशी आलं होतं, काळं, पानापाचोळ्यासकट. "खडकावर!" पुआ आंटी ओरडली. ते तिघं लाव्हाच्या काळ्या, धारदार खडकांवर चढू लागले. वेंडेलचे तळहात फाटले, कळलं नाही. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, त्याने टिलीला डोक्याच्या वर धरलं. एक पलंग त्याच्या अंगाला घासून गेला. पाणी त्याला खाली ओढत होतं, आणि पुआ आंटीने त्याचा पट्टा मागून मुठीत धरला होता. ती मूठ सुटली असती तर पुढचं सांगायला कोणी उरलं नसतं.

मग ओढ सैल झाली. पाणी खाली सरकलं. पुढची लाट यायच्या आत ते हायवेवर होते.

वर, डोंगरातल्या वायमेआ गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत गावातल्या लोकांनी चटया टाकल्या होत्या. कोणी भात वाटत होतं, कोणी कोरडे कपडे. जनेल दाराशीच उभी होती. तिने टिलीला घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसली. वेंडेलकडे बघितलंही नाही. आर्लीनने मात्र त्याच्या हातांकडे पाहिलं, पर्समधून रुमाल काढून तो एका तळव्याला बांधला आणि म्हणाली, "बस. उभा काय राहिलास?" टोमणा मारायला तिला काही सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने, टिली पेंगू लागल्यावर, जनेल बोलली. "मी तिला पाहिलं होतं."

"कधी?"

"पूलपलीकडच्या वाटेने जात होती. हातात कागद होता. वाटलं, तू पुढे असशील. हाक मारणार होते, तेवढ्यात आईने टॉवेल मागितला." तिने टिलीच्या वेणीतली वाळू झटकली. "सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले आणि हे सांगितलं नाही."

वेंडेलला आतून सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाज वाटली. "मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "ती काहीतरी दाखवत होती. काय ते अजून मला माहीत नाही."

जनेलने त्याचा बांधलेला हात धरला.

टिली कूस बदलून उठली. "मला शू लागलीय."

चौघंही एकदम उभे राहिले. आर्लीनसुद्धा, गुडघ्याचं भान न राहून. बोळातून ती वरात निघाली, टिली मधोमध. दार लागलं. बाहेर चौघं भिंतीला टेकून उभे.

"टिली?" वेंडेल म्हणाला.

"हो!"

थोड्या वेळाने कोल्बी, "टिली?"

"आहे रे!"

मग आत नळ सुरू झाला. "टिली?" जनेलने हाक मारली. पाण्याच्या आवाजात उत्तर आलं नाही. कोणीच पुन्हा विचारलं नाही. वेंडेलने दाराच्या मुठीवर हात ठेवला, रुमालातून रक्त उमटलेला, आणि तो पाण्याचा आवाज बंद व्हायची वाट बघत राहिला.