दुसरं मशीन

वहिनीने शिलाई मशीनची एक बाजू धरली, धाकट्या नणंदेने दुसरी, आणि दोघींनी ते फरफटत कोपऱ्यात नेलं. वर गाद्या, रजया, धुवायच्या चादरी, हाताला येईल ते रचलं. करवाला साहेब गल्लीत शिरल्याचं शेजारीण नुकतीच खिडकीतून सांगून गेली होती. घरात एक मशीन असलं तर काही नाही; दोन झाली की घराचा कारखाना होतो आणि कारखान्याचा कर बसतो. तो भरल्यावर दोघींच्या मिळकतीतलं उरणार काय, कप्पाळ!

"तू नुसती बस. तोंडातून अक्षर काढू नकोस," वहिनी म्हणाली.

साहेब आला. घामाघूम, पण सभ्य माणूस. बसायला नको म्हणाला. वहिनी आपल्या मशीनवर कॉलर शिवत राहिली, जणू आपण त्या गावच्याच नाही.

"एकच मशीन?"

"एकच की. दुसरं कुठून आणणार?"

साहेब खाली बघत होता. वहिनीनेही तिकडे पाहिलं. नणंद स्टुलावर हात मांडीत घेऊन मुकाट बसली होती, पण तिचे पाय चालू होते. टाच, चवडा, टाच, चवडा. समोर मशीन नाही आणि ही बया रिकाम्या फरशीवर शिवतेय! घाबरली की तिला कामाशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही.

"गाद्या काढा," साहेब हळूच म्हणाला.

नणंदेला रडू फुटलं. वहिनी उठली. भीतीने तिचा आवाज चिरकला.

"आमच्याच घरात बरे शिरता! ज्या मालकाचे हे शर्ट शिवतो, त्याच्या गाद्या कुणी उचलल्यात कधी?"

"त्यांना करात सूट आहे."

"ती कशाबद्दल?"

"लोकांना काम देतात म्हणून. जितकी मशीनं त्यांच्यासाठी चालतात, तितकी सूट." साहेबाने कपाळ पुसलं. "तुमची दोन्ही त्यांनी सुटीसाठी केव्हाच कागदावर दाखवलीत, बाई. मी नुसता खात्री करायला आलो. कर भरावा लागेल."

तो गेल्यावर वहिनीने दाराला कडी घातली. कडी एकदा निसटली.

"वहिनी, विकून टाकू या ना एक," नणंद हुंदके देत म्हणाली.

"हळू बोल," वहिनी म्हणाली. "विकलं तर मालकाची सूट कमी होईल. मग काम कोण देईल आपल्याला?"