गुळाचा खडा आणि चिमणीचे दात

ताडकळसच्या सत्यशीलाबाईंनी गुळाचा शोध लावला, ही बातमी बाजाराच्या दिवशी गावभर झाली. गूळ तर गावात पहिल्यापासून होता. बाईंनी शोधलं होतं ते असं, की धड्याआधी गुळाचा खडा खाल्लेल्या मुलांच्या जास्त लक्षात राहतं. चौथीच्या वर्गाचे त्यांनी दोन भाग केले. एका भागाला गूळ दिला, दुसऱ्याला दिला नाही, आणि दोन्ही भागांना वेगवेगळं बसवून तेच वीस शब्द वाचून दाखवले. थोड्या वेळानं विचारलं, तर गूळवाली मुलं घडाघडा बोलली आणि बाकीची आढ्याकडं बघत बसली.

परभणीच्या शिक्षक मेळाव्यात हा प्रयोग सांगायचं बोलावणं आलं. बाईंच्या वस्तीतलं कुणी अजून अशा व्यासपीठावर चढलं नव्हतं. त्यांचे वडील सूर्यभान दुसऱ्याच्या शेतात राबणारे. त्यांनी त्या दिवसासाठी नवा पांढरा सदरा शिवायला टाकला.

सत्यशीलाबाई आनंदानं एसटीत बसल्या आणि पालमला दिनकरराव गुरुजींकडं गेल्या. लहानपणी त्यांनीच बाईंना शिकवलं होतं. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "छान. आता परत कर."

"काय परत?"

"प्रयोग. विहिरीला पाणी लागलं की आपण लगेच हुरळतो का? उपसून बघतो, पुन्हा भरते का ते."

"आणि नाही भरली तर? मेळावा तोंडावर आलाय, गुरुजी."

"म्हणून तर आत्ताच उपसायची."

बाईंच्या डोळ्यांपुढं वडिलांचा सदरा आला. पण गुरुजींना नाही म्हणायची सवय नव्हती.

पालमच्या एका शाळेत वर्ग मिळाला. अर्ध्या मुलांना गूळ वाटला, पोरं पाणी पिऊन आली, बाईंनी सगळ्यांना एकदमच शब्द वाचून दाखवले. मग विचारलं, तर दोन्हीकडची मुलं सारखीच! बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांचं लक्ष रुख्मिणी नावाच्या मुलीकडं गेलं. ती बिनगुळाच्या बाजूची, आणि तिच्या गालावर माशी येऊन येऊन बसत होती.

"ए पोरी, गालाला काय लागलंय गं?"

"काय न्हाई, बाई." माशी पुन्हा बसली. वर्ग खुदखुदला.

"खरं सांग."

"मुंजाजीनं दिला थोडासा."

"त्याच्या तोंडातला? उष्टा?"

आता मुंजाजीच उठला. त्याला तो आरोप सहन होईना. "उष्टा न्हाई, बाई! चिमणीच्या दातानं तोडला की!" आणि त्यानं सदऱ्याचं टोक पुढं केलं. खडा त्यात गुंडाळून दातानं तोडला होता. टोक ओलं, तांबूस, चिकट झालं होतं. मग काय, गूळवाल्या साऱ्या पोरांनी आपापले सदरे, परकर उलटे करून दाखवले. एकही टोक कोरडं नव्हतं.

"अरे, पण का दिला?"

"ती बघायली होती ना, बाई. एकट्यानं कसं खावं? आन तुमी देऊ नका म्हणला न्हवता."

बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांना आशाही वाटली. "गुरुजी, म्हणजे इथं सगळ्यांनीच गूळ खाल्ला! म्हणून सारखे आले. माझा शोध खरा आहे!"

"असेल," गुरुजी म्हणाले. "नसेलही. ताडकळसला शब्द कुणी वाचले?"

"मी."

"कुणी गूळ खाल्लाय, हे कुणाला ठाऊक होतं?"

"मलाच की."

"मग उद्या शब्द मी वाचतो. कुणी खाल्लाय ते मला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पोरांना आधीच सांगितलं, गूळ सगळ्यांना मिळणार आहे, काहींना आधी, काहींना नंतर. वाटायचं कारणच उरलं नाही. आधीवाल्यांनी तो व्हरांड्यात बाईंसमोर खाल्ला, तोंडं धुतली आणि सगळे मिसळून बसले. गुरुजींनी नवे शब्द हजेरी घेतल्यासारखे वाचले. झालं! पुन्हा सारखेच. सगळ्यांत जास्त शब्द सांगणारी मुलगी तर अजून गुळाची वाटच बघत होती.

बाई पायरीवर बसल्या. "मग ताडकळसला झालं काय?"

"मला काय माहीत? त्या दिवशी वाचलंस तसं वाचून दाखव बरं."

बाईंनी सुरू केलं. "पाटी... चिंच... बैल..." प्रत्येक शब्दाला भुवया वर, मान डोलावणं, शब्दानंतर थांबणं. "हे गूळवाल्यांना. आणि दुसऱ्यांना, पाटीचिंचबैल..." त्या मध्येच थांबल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या. "गुरुजी, पोरांना गुळानं काही केलं नाही. मीच केलं!"

मेळाव्याच्या दिवशी सूर्यभान नवा सदरा घालून पुढच्याच रांगेत बसले होते. फक्त ताडकळसची गोष्ट सांगून खाली उतरता आलं असतं. टाळ्या ठरलेल्याच होत्या. बाईंनी एकदा वडिलांकडं पाहिलं.

"मला जे सापडलं होतं," त्या म्हणाल्या, "ते परत केल्यावर सापडलं नाही."

मग त्यांनी पालमची हकीकत सांगितली. चिकट सदरे आले तेव्हा हशा उसळला, आणि बाईंनी स्वतःच्याच भुवया उडवून दाखवल्या तेव्हा मागच्या बाकावरचे लोक उभे राहून बघायला लागले.

"मग बाई, आता गूळ बंद का?" कुणीतरी विचारलं.

"का बंद? गोड लागतो, एवढं कारण पुरे की! फक्त पाठांतराचं श्रेय त्याला देऊ नका. आणि माझंही खरं मानू नका. आपापल्या शाळेत करून बघा, वेगळं आलं तर मला कळवा."

खाली उतरल्यावर शिक्षकांनी त्यांना घेरलंच. शब्द कसे निवडले, कोण वाचणार, पोरं कशी बसवायची. बोलून बोलून बाईंचा घसा बसला. गर्दी ओसरल्यावर सूर्यभान पुढं आले आणि खिशातून कागदाची पुडी काढली.

"आबा, गूळ? माझा शोध तर चुकला."

"म्हणून तोंड गोड करायचं न्हाई व्हय?"

त्यांनी नव्याकोऱ्या सदऱ्याचं टोक खड्यावर गुंडाळलं आणि कचकन दात मारला.

"अहो आबा, नवा सदरा!"

"मग उष्टा देऊ का तुला?"

बाईंनी तुकडा तोंडात टाकला. शेजारी उभ्या दिनकरराव गुरुजींनी आपला तळहात पुढं केला.

"सूर्यभान, एकदा तोडून काय कळणार? परत तोडा."